जैवविविधता मंडळाचे अधिकार आणि त्यांच्या सीमा
(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत मराठीच्या प्राध्यापकाने संतवाङ्मयावर बोलावे, फार तर नवकवितेवर बोलावे, अशी आपल्याकडे रीत आहे. मी विषय कळवला तेव्हा कार्यवाहांनी काळजीच्या स्वरात विचारले, ‘सर, समोर वकील मंडळी बसणार आहेत, ठाऊक आहे ना?’ ठाऊक आहे. वकिलांच्या अधिकारक्षेत्रात मी पाऊल टाकणार नाही. परंतु कायदा हा अखेर शब्दांचाच बनलेला असतो आणि शब्दाचा अर्थ कोठवर ताणता येतो, हा आम्हा भाषेच्या शिक्षकांच्या नित्य व्यवहारातला प्रश्न आहे. तेवढ्या अधिकारावर मी आज बोलतो आहे.

पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही गावांतील सामान्य माणसाला पर्यावरणाच्या बाबतीत सरकारची दोन रूपे परिचित आहेत. एक वनखाते. दुसरे प्रदूषण नियंत्रण मंडळ. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रातून दुर्गंधी आली की आपण या दुसऱ्याची आठवण काढतो आणि जंगलातून लाकूड गेले की पहिल्याची. तिसरी एक संस्था आहे आणि तिची आठवण कोणी काढत नाही, कारण ती आहे हेच बहुतेकांना ठाऊक नाही. मध्य प्रदेश राज्य जैवविविधता मंडळ हे तिचे नाव. कार्यालय भोपाळला. तिचे अधिकार २००२ सालच्या जैविक विविधता अधिनियमातून आलेले आहेत आणि त्या अधिकारांचे टोक, आश्चर्य वाटेल, पण आपल्या ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत येऊन पोचते.

हा कायदा कोठून आला हे थोडक्यात सांगतो. १९९२ साली रिओ दि जानेरो येथे जैविक विविधतेचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९९४ साली भारताने त्याला मान्यता दिली. त्यापूर्वी वनस्पती आणि बियाणे ही सगळ्या मानवजातीची सामाईक ठेव समजली जात असे. ऐकायला हे फार उदात्त वाटते. व्यवहारात त्याचा अर्थ असा झाला होता की जंगल ज्यांचे त्यांना काही मिळत नव्हते आणि प्रयोगशाळा ज्यांची त्यांना एकस्वाधिकार मिळत होता. हळदीचे उदाहरण आपल्याला ठाऊक आहे. जखम भरण्यासाठी हळदीचा उपयोग, या ‘शोधा’चे एकस्व १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला देण्यात आले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. आपण या विजयाचा अभिमान बाळगतो, तो योग्यच आहे. पण तो विजय कशाच्या बळावर मिळाला, इकडे माझे लक्ष अधिक जाते. तो मिळाला जुन्या ग्रंथांच्या आणि छापील लेखांच्या बळावर. घरोघरच्या आज्या शतकानुशतके जखमेवर हळद लावत आल्या, हा त्या कार्यालयाच्या दृष्टीने पुरावा नव्हता. कागद हा पुरावा होता. वाचनालयाच्या व्यासपीठावरून एवढे सांगितले तरी पुरे. या गोष्टीकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

आता मंडळाचे अधिकार. अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे राज्य सरकार हे मंडळ नेमते. त्यात एक अध्यक्ष, पदसिद्ध सदस्य आणि तज्ज्ञ सदस्य असतात. मंडळाला स्वतःचे कायदेशीर व्यक्तित्व आहे. ते मालमत्ता धारण करू शकते, दावा लावू शकते, त्याच्यावर दावा लावता येतो. परंतु कोणाची जमीन सक्तीने संपादन करण्याची शक्ती त्याला या कायद्याने दिलेली नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९७६ साली समुद्रकिनाऱ्यासाठी एक संवर्धन संस्था स्थापन झाली. ती पैसे मोजून जमिनी घेते, त्या राखते, लोकांसाठी खुल्या करते; बांधकामावर नियंत्रण ठेवण्याचे काम मात्र वेगळ्या आयोगाकडे आहे. आपल्याकडे याच्या उलट आहे. आपले मंडळ जमीन घेऊन राखणारे नाही. ते व्यवहारावर नजर ठेवणारे आहे.

त्या नजरेचा कणा म्हणजे कलम ७ आणि कलम २४. व्यापारी उपयोगासाठी जैविक साधन मिळवणाऱ्या भारतीय व्यक्तीने किंवा कंपनीने राज्य मंडळाला आधी कळवावे, असे कलम ७ सांगते. असे कळवणे आल्यावर मंडळ स्थानिक संस्थांचा विचार घेऊन आणि चौकशी करून, संवर्धनाला बाधा येत असेल तर, तो व्यवहार मनाई करू शकते किंवा त्यावर बंधन घालू शकते, असे कलम २४ सांगते. मात्र संबंधिताचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय असा हुकूम काढता येत नाही. परदेशी व्यक्ती किंवा कंपनी असेल तर तिला चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाकडे जावे लागते. आपल्या राज्य मंडळाचा तेथे संबंध नाही.

येथे एक शब्दभेद आहे. परदेशी माणसासाठी कायद्याने ‘पूर्वमान्यता’ म्हटले. देशी माणसासाठी ‘पूर्वसूचना’ म्हटले. सूचना आणि मान्यता या दोन शब्दांतले अंतर दहावीचा विद्यार्थीही सांगेल. मी तुम्हाला लग्नाची सूचना दिली याचा अर्थ तुमची परवानगी मागितली असा होत नाही. मग केवळ सूचना देणाऱ्या देशी कंपनीकडून मंडळ पैसे कसे मागू शकते? हाच प्रश्न उत्तराखंडात उभा राहिला. दिव्य फार्मसीने तेथील राज्य मंडळाच्या लाभवाटपाच्या मागणीला आव्हान दिले. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २१ डिसेंबर २०१८ रोजी निकाल दिला तो मंडळाच्या बाजूने. कलम २३ मध्ये मंडळाला ‘मान्यता देऊन अथवा अन्यथा’ नियमन करण्याचे काम सांगितले आहे. ज्या समाजाने ती वनस्पती आणि तिचे ज्ञान जपले त्याला लाभाचा वाटा मिळावा हा कायद्याचा हेतू आहे आणि कंपनी देशी की परदेशी याने त्या समाजाच्या हक्कात फरक पडू नये, असा न्यायालयाच्या विचाराचा रोख होता. निव्वळ व्याकरणाने पाहिले तर कंपनीचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, हे मला प्रामाणिकपणे वाटते. पण शब्दाचा अर्थ संदर्भातून घ्यावा हे आम्ही वर्गात रोज सांगतो. न्यायालयाने तेच केले.

संदर्भाने अर्थ वाढतो, पण तो वाटेल तेवढा वाढत नाही. याचे उदाहरण आपल्या अगदी घरचे आहे आणि ते या सभागृहातल्या फार थोड्यांना ठाऊक असेल असा माझा अंदाज आहे. छिंदवाडा जिल्ह्यातील एकलहरा हे कोळशाच्या पट्ट्यातले गाव. २०१३ साली तेथील जैवविविधता व्यवस्थापन समिती राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या भोपाळ खंडपीठापुढे गेली. प्रतिवादी होती वेस्टर्न कोलफील्ड्स, म्हणजे नागपुरात मुख्यालय असलेली सरकारी कोळसा कंपनी. समितीचे म्हणणे असे : कोळसा म्हणजे काय? कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडली गेलेली झाडेच ना? कायद्याच्या व्याख्येत जैविक साधन म्हणजे वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव, त्यांचे भाग आणि त्यांची उपोत्पादने. मग कोळसा हे वनस्पतीचे उपोत्पादन ठरते, त्याचा व्यापारी उपयोग कंपनी करते आहे, तेव्हा तिने लाभाचा वाटा स्थानिक जैवविविधता निधीत भरावा.

श्रोतेहो, या युक्तिवादाला हसू नका. एका खेड्याच्या समितीने कायद्याची व्याख्या हातात घेऊन सरकारी महामंडळाला उभे केले, ही सामान्य गोष्ट नाही. ज्या भूमीतून कोळसा निघतो त्या भूमीतल्या माणसांच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न त्या दाव्याच्या तळाशी होता आणि तो खरा होता. परंतु प्रश्न खरा असला म्हणून त्याला कोणताही कायदा लागू पडतो असे नाही. २०१५ साली न्यायाधिकरणाने निर्णय दिला की कोळसा हे या कायद्याच्या अर्थाने जैविक साधन नव्हे. मला हा निर्णय योग्य वाटतो. ‘उपोत्पादन’ या शब्दात डिंक येतो, लाख येते, मध येतो. जिवंत साखळीशी ज्याचे नाते तुटून भूगर्भात दगड झाला ते त्यात आणले तर खनिज तेलही आणावे लागेल. मंडळाच्या आणि समित्यांच्या अधिकाराची एक सीमा त्या दिवशी आखली गेली. खाणीने गाव उद्ध्वस्त झाले तर त्याचा इलाज जमिनीच्या, खाणींच्या आणि प्रदूषणाच्या कायद्यांत शोधावा लागतो.

दुसऱ्या सीमा कायद्यातच लिहिलेल्या आहेत. स्थानिक लोक आणि समाज, या साधनांची लागवड करणारे शेतकरी, परंपरेने चिकित्सा करणारे वैद्य आणि हकीम यांना कलम ७ लागू नाही. आपल्या संत्र्याच्या बागायतदाराने बगिचा ठेक्याने दिला किंवा जंबेरीच्या खुंटावर डोळे बांधून कलमे विकली, म्हणून त्याला भोपाळला कळवण्याचे कारण नाही. बाजारात नेहमी विकल्या जाणाऱ्या वस्तूंना केंद्र सरकार कलम ४० खाली सूट देऊ शकते. राज्य सरकार धोरणाच्या प्रश्नावर मंडळाला लेखी आदेश देऊ शकते आणि ते मंडळाला पाळावे लागतात. म्हणजे संवर्धनाचा विचार आणि सरकारचे धोरण यांत अंतर पडले तर कोणी माघार घ्यायची हे कायद्यानेच ठरवून ठेवले आहे. मंडळ स्वतंत्र आहे असे मानणाऱ्यांनी हे कलम, ४९ वे, अवश्य वाचावे.

जैवविविधता वारसा स्थळ घोषित करणे, हेही मंडळाच्या हाती नाही. कलम ३७ प्रमाणे ते राज्य सरकारने स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून करायचे असते. २०१९ साली तामिया भागातील पातालकोट असे वारसा स्थळ घोषित झाले. आठ हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र, भारिया आणि गोंड वस्ती आणि वनौषधींचे तेथल्या लोकांचे ज्ञान. अशा घोषणेमुळे कोणाच्या उपजीविकेला धक्का बसला तर त्याच्या भरपाईची किंवा पुनर्वसनाची योजनाही राज्य सरकारनेच आखायची, असे त्याच कलमात आहे. घोषणेच्या बातम्या छापून येतात. योजनेच्या येत नाहीत.

आता थोडे गोटमारीबद्दल. जांब नदीच्या पात्रात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पळसाचे झाड रोवले जाते, त्याला झेंडा बांधला जातो आणि पांढुर्णा व सावरगाव यांच्यात दगड चालतात. त्या दगडफेकीबद्दल माझे मत आपल्याला आवडणार नाही, म्हणून ते मी आज सांगत नाही. एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, ‘सर, तो पळस तोडायला जैवविविधता मंडळाला कळवावे लागेल का?’ मला प्रश्न फार आवडला. उत्तर असे की नाही, कारण तो व्यापारी उपयोग नव्हे आणि तोडणारे स्थानिक लोक आहेत. झाड तोडण्याला परवानगी लागते की नाही हा वेगळ्या कायद्याचा विषय आहे. मंडळाला झाडे तोडण्यावर सरसकट अधिकार नाही, हे त्या एका प्रश्नातून जितके स्पष्ट होते तितके माझ्या तासाभराच्या विवेचनाने होणार नाही.

शिक्षेच्या बाबतीतही कायदा बदलला आहे. मूळ कायद्यात कलम ७ मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. २०२३ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली, कैद गेली आणि एक लाखापासून पन्नास लाखांपर्यंतचा दंड आला. तो न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो. त्याच दुरुस्तीने नोंदणीकृत आयुष वैद्य, लागवड केलेल्या औषधी वनस्पती आणि ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान यांना अधिक मोकळीक मिळाली. २०२५ च्या नव्या विनियमांप्रमाणे पाच कोटींपर्यंत वार्षिक उलाढाल असणाऱ्याला लाभवाटपाची रक्कम द्यावी लागत नाही. लहान व्यापाऱ्याचा त्रास वाचला हे चांगले झाले. पण आपल्या भागातून चारोळी, बेहडा, आवळा गोळा करणारे जे आहेत, ते बहुतांशी लहान व्यापाऱ्यांनाच माल देतात. तेव्हा वरच्या टोकाला जो वाटा कापला जाणार तो खालपर्यंत पोचण्याची वाट आणखी लांबली, हेही खरे.

कैद गेली म्हणून कायदा दुबळा झाला का? मला तसे वाटत नाही. पूर्वीची कैद कागदावर भारी होती आणि भारी शिक्षा लावायला अधिकारी कचरतात. दंड लावणे सोपे असते. पाहायचे एवढेच की तो लावला जातो की नाही.

आपली आणखी एक अडचण भूगोलाची आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर महाराष्ट्राच्या वाटेने गेले आणि आपली राजधानी भोपाळ झाली. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले, जिल्हा कचेरी दारात आली. पण राज्याची मंडळे भोपाळलाच राहिली. गंमत अशी की महाराष्ट्राच्या जैवविविधता मंडळाचे मुख्यालय नागपुरात आहे. येथून सकाळी निघाले तर तेथे काम करून दुपारी जेवायला परत येता येईल. मात्र सौंसरच्या जंगलातल्या चारोळीवर त्या कार्यालयाचा काडीचाही अधिकार नाही. हीच गोष्ट नदीची. जांब कन्हानला मिळते आणि कन्हान नागपूरच्या दिशेने जाते. नदीचा तंटा अलीकडे उद्भवला तर हरित न्यायाधिकरणाचे भोपाळ खंडपीठ, पलीकडे उद्भवला तर पुण्याचे. मासा मात्र दोन्हीकडे पोहतो. दोन राज्यांच्या मंडळांत वाद झाला तर तो सोडवण्याची वाट कायद्यात, कलम ५० मध्ये, आहे. वाद होण्यासाठी आधी दोघांना एकमेकांची खबर असावी लागते.

आता ज्या टोकाचा मी आरंभी उल्लेख केला त्याकडे वळतो. कलम ४१ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने, म्हणजे ग्रामपंचायतीने आणि नगरपालिकेनेही, जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आहे. मंडळाने निर्णय घेताना या समितीचा विचार घेतलाच पाहिजे. ‘घ्यावा’ नव्हे, ‘घेतलाच पाहिजे’. शिवाय समितीच्या हद्दीतून व्यापारी हेतूने जैविक साधन गोळा करणाऱ्याकडून समिती संग्रह शुल्क आकारू शकते. हा अधिकार राज्य मंडळाचा नाही, गावाचा आहे आणि तो वापरायला पावतीपुस्तक आणि ठराव एवढीच सामग्री लागते.

समितीचे मुख्य काम लोकांशी बोलून जैवविविधता नोंदवही तयार करणे. गावात काय उगवते, काय उडते, काय पोहते, कोणते वाण पूर्वी होते आणि आता नाही, कोणती मुळी कशावर चालते, हे सगळे लोकांच्या तोंडून लिहून घ्यायचे. पुण्याचे माधव गाडगीळ यांचा ही कल्पना घडवण्यात मोठा वाटा आहे. कल्पना अशी की ज्ञान ज्याचे, नोंद त्याची. प्रत्यक्षात काय झाले? बरीच वर्षे फारसे काही झाले नाही. मग हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली आदेश दिला की ३१ जानेवारी २०२० पर्यंत सर्व स्थानिक संस्थांच्या समित्या आणि नोंदवह्या पूर्ण करा, नाहीतर राज्याने दरमहा दहा लाख रुपये भरावेत. दंडाची तलवार लटकल्यावर देशभर नोंदवह्यांचा पूर आला. किती ठिकाणी शेजारच्या गावाची नोंदवही नाव बदलून आपली म्हणून दाखल झाली असेल, याची कल्पना परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला सहज येऊ शकते.

येथे मराठीचा संबंध येतो आणि येथे मला खरी चिंता आहे. नोंदवहीच्या नमुन्यात शास्त्रीय नावाच्या शेजारी ‘स्थानिक नाव’ असा रकाना असतो. आपल्याकडे तो हिंदी नावांनी भरला जाणे अगदी स्वाभाविक आहे, कारण कचेरीची भाषा हिंदी आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु सौंसरच्या बाजूची म्हातारी ज्याला टेंभुर्णी म्हणते त्याच्यापुढे ‘तेंदू’ लिहिले, चारोळीपुढे ‘अचार’, मोहापुढे ‘महुआ’, ऐनापुढे ‘साज’ लिहिले, तर उद्या त्या म्हातारीचे ज्ञान तिचे आहे हे दाखवायचे कशावरून? हळदीच्या दाव्यात कागद बोलला होता. आपल्या कागदात तिचा शब्दच नसेल तर कागद तिच्या बाजूने बोलणार नाही. पदवीच्या वर्गात मी एकदा ऐन, धावडा, सालई, तिवस ही चार नावे फळ्यावर लिहिली आणि झाडे कोणाला ओळखता येतात ते विचारले. अठ्ठावीस मुलांपैकी तीन हात वर आले. तिन्ही मुले जंगलालगतच्या खेड्यांतली होती आणि तिघांनाही नावे आजोबांकडून मिळाली होती.

एक सावधगिरीही सांगायला हवी. लिहिलेले ज्ञान चोरीला जाणे सोपे असते. म्हणून नोंदवहीतली प्रत्येक गोष्ट चावडीवर टांगायची नसते. एखाद्या वैदूने आपले गुपित सांगायचे नाकारले तर तो त्याचा हक्क आहे, समितीने त्याच्यावर जोर करू नये. पण नावे, वाण, जागा, ऋतू, यांत गुपित असे काही नाही. ‘स्थानिक नाव’ हा रकाना एकाच भाषेत भरावा असे कायदा कोठेही म्हणत नाही; दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहिता येतात. नोंदवहीची भर ही सतत चालणारी गोष्ट आहे.

माझी या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाला विनंती आहे की पांढुर्णा आणि सौंसर नगरपालिका आणि दोन्ही तालुक्यांतील ग्रामपंचायती यांच्याकडे पत्र पाठवून त्यांच्या नोंदवहीतील नावांच्या यादीची प्रत मागावी. औषधी उपयोगाची पाने मागू नयेत, फक्त नावे मागावीत. यादी आली की तीत कोणती मराठी नावे नाहीत ते लिहून काढण्याचे काम माझे विद्यार्थी करतील. वाचनालयाने फक्त एक टेबल आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी द्याव्यात.